यंत्राला जात नसते, यंत्रवाल्यांना असते!

मागच्या महिन्यात डोंबिवलीतील एका सभागृहात कृत्रिम बुद्धिमत्तेवर परिसंवाद झाला. आम्हीही मुद्दाम गेलो होतो. व्यासपीठावर चार वक्ते होते. चौघेही आयटी क्षेत्रातले आणि त्यांपैकी दोघे अमेरिकेत बरीच वर्षे काढून परत आलेले. सभागृह गच्च भरले होते. उद्याचे जग कसे असेल, कोणत्या नोकऱ्या जातील, कोणत्या येतील, मुलांनी काय शिकावे, यावर दोन तास भाषणे झाली. माहिती चांगली होती, हे आम्ही मान्य करतो. शेवटी प्रश्न मागविण्यात आले. आम्ही एका चिठ्ठीवर लिहून पाठविले की, या क्षेत्रात अनुसूचित जाती-जमातीचे लोक किती आहेत आणि जे आहेत त्यांच्या वाट्याला जातीमुळे काय येते, यावर वक्त्यांनी दोन शब्द बोलावेत.

चिठ्ठी वाचली गेली. व्यासपीठावर हशा झाला. एक वक्ते म्हणाले, ‘कॉम्प्युटरला जात कळत नाही, त्याला फक्त शून्य आणि एक कळते. कृपया येथे राजकारण आणू नका.’ सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढची चिठ्ठी शेअर बाजाराची होती. तिला मात्र दहा मिनिटे उत्तर मिळाले.

त्या टाळ्या आमच्या कानातून अजून गेलेल्या नाहीत. वक्त्याचे अज्ञान आम्ही समजू शकतो. परंतु शिकलेसवरलेले, जग पाहिलेले चारशे लोक एका साध्या प्रश्नावर टाळ्या वाजवून तो प्रश्नच गाडून टाकतात, तेव्हा ते अज्ञान राहत नाही. ती सोय असते. त्या दिवशी आम्हाला उत्तर देऊ दिले नाही, म्हणून ते येथे देत आहोत.

यंत्राला जात नसते, हे वाक्य खरे आहे. आम्हा आंबेडकरवाद्यांना ते कोणी शिकविण्याची गरज नाही. गांधीजी चरख्याचा महिमा गात होते त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यंत्राची बाजू घेतली. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधींवरील आपल्या ग्रंथात त्यांनी स्पष्ट मांडले की, दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला ढोरमेहनतीतून सोडवून विचार करायला, वाचायला, माणूस म्हणून जगायला फुरसत मिळवून द्यायची असेल तर यंत्र हवेच, ही त्यांची भूमिका होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी वीज, धरणे, जलमार्ग यांच्या नियोजनाचा पाया घातला. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच कारकिर्दीत आकाराला आली. तेव्हा बाबासाहेबांचा अनुयायी तंत्रज्ञानाचा शत्रू असूच शकत नाही. आमचे भांडण यंत्राशी नाही. यंत्रापर्यंत कोणाचा हात पोहोचू द्यायचा हे ठरविणाऱ्यांशी आहे.

याच मुंबई इलाख्यातले एक उदाहरण घ्या. कापड गिरण्यांत यंत्रे विलायतेतून आली होती. मँचेस्टरच्या लोखंडाला महार कोण, मराठा कोण, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडची उष्टी लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात कसा धरणार? विणकामाला मजुरी जास्त होती. म्हणजे विटाळाचा हिशेब थेट पगारात होत होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी विचारले की ही एकजूट साचाखात्याच्या दारात का थांबते? पुढाऱ्यांना ती मागणी नाइलाजाने आपल्या यादीत घ्यावी लागली. मालकांनी मात्र हात झटकले. हा अन्याय असलाच तर तो कामगारांचा आपसातला आहे, आम्ही तो केलेला नाही, असा त्यांचा पवित्रा होता.

वाचकहो, हा पवित्रा नीट लक्षात ठेवा. शंभर वर्षे होत आली, तरी आजचा आयटीवाला शब्दही न बदलता तेच बोलतो. कंपनी जात मानत नाही, संगणक जात मानत नाही, मग तक्रार कशाची? आम्ही विचारतो, लोखंडाने तरी कुठे मानली होती? जात सुताच्या टोकाला होती, ओठाला होती. आज ते टोक आडनावात आहे, प्रवेश परीक्षेच्या क्रमांकात आहे, इंग्रजीच्या उच्चारात आहे, जेवणाच्या डब्यात आहे.

पुरावा मागता ना? घ्या. ३० जून २०२० रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को या बलाढ्य कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. तक्रारदार दलित अभियंता, आयआयटीतून शिकलेला. त्याच्या वरिष्ठाने, जो त्याच आयआयटीतला होता, हा राखीव जागेतून आलेला आहे असे सहकाऱ्यांत सांगितले, त्याने तक्रार केल्यावर त्याला कामात बाजूला टाकण्यात आले, असा आरोप होता. आम्ही वकील आहोत, म्हणून दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. कंपनीने आरोप नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने दोन वरिष्ठ अभियंत्यांवरील दावा स्वतःहून मागे घेतला. कंपनीविरुद्धचा दावा मात्र तेव्हा मागे घेण्यात आला नाही. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु एका परक्या देशाच्या सरकारी खात्याला जात हा शब्द आपल्या न्यायालयात न्यावा लागला, ही गोष्ट कोणत्याही निकालाने पुसली जाणार नाही.

दुसरा प्रसंग गुगलचा. एप्रिल २०२२ मध्ये दलित इतिहास महिन्यानिमित्त थेनमोळी सौंदरराजन या आंबेडकरवादी कार्यकर्तीचे भाषण तेथे ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी आरडाओरड केली, या भाषणामुळे आमच्या जिवाला धोका वाटतो असे वरिष्ठांना कळविले. भाषण रद्द झाले. ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला. एका दलित स्त्रीच्या तासाभराच्या भाषणाने ज्यांना धोका वाटतो, तेच लोक जात नाहीच म्हणतात! जे नाहीच, त्याच्यावर कोणी बोलले तर भीती कशाची वाटते?

तिसरा प्रसंग अभिमानाचा आहे आणि तो महाराष्ट्रात वाढलेल्या एका बाईचा आहे. क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या, मुंबईत वाढल्या, मुंबई विद्यापीठात संगणकशास्त्र शिकल्या आणि काही काळ सॉफ्टवेअर अभियंता होत्या. म्हणजे आमच्या सभागृहातील वक्त्यांच्याच मांडवातल्या. जन्माने ब्राह्मण. सिएटल शहराच्या नगर परिषदेवर निवडून आल्यावर त्यांनी जातीय भेदभावाला बंदी करणारा ठराव मांडला आणि २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तो संमत करून घेतला. अशी बंदी करणारे सिएटल हे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. त्या शहरात आणि आसपास ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांची मुख्यालये आहेत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी तसाच कायदा संमत केला. पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. प्रचलित कायद्यातच हे संरक्षण आहे, नवा कायदा नको, असे कारण त्यांनी दिले. कायदा पडावा म्हणून जिवाचे रान करणारे कोण होते? आपलेच देशबांधव.

कोणी म्हणेल, हे सारे अमेरिकेचे झाले, ठाणे-डोंबिवलीचा काय संबंध? संबंध असा की, जात अमेरिकेच्या मातीत उगवत नाही. ती येथून सामानात भरून नेली जाते. आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्याने संगणक क्षेत्राला हजारो माणसे पुरविली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेल्या वागळे इस्टेटमध्ये एके काळी भोंगे वाजत होते. कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. ऐरोलीत, घोडबंदर रस्त्यावर तेच. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथहून सकाळी लोकलला लोंबकळत जाणारी गर्दी आता कारखान्यात जात नाही, संगणकासमोर बसायला जाते. कारखान्यात आमचा बाप होता. त्या काचेच्या इमारतीत आमचा मुलगा किती आहे? आहे तो कुठे आहे? गेटवर सुरक्षारक्षक म्हणून आहे, शौचालय धुणारा म्हणून आहे, कँटीनमध्ये आहे. संगणकासमोर किती, हे कोणी मोजत नाही. आणि मोजा म्हटले की राजकारण होते!

खासगी क्षेत्र गुणवत्ता पाहते, जात पाहत नाही, हा दावा आमचेच अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकन अभ्यासक पॉल ॲटवेल यांनी २००७ साली तपासून पाहिला. वर्तमानपत्रातील नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त आडनावाचा ठेवला. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुसलमान नावाची त्याहूनही कमी, एक तृतीयांश. अर्जातल्या माणसाला अजून कोणी पाहिलेले नाही, ऐकलेले नाही. नुसत्या आडनावावर कात्री! ही गुणवत्ता म्हणावयाची काय?

आणि गुणवत्तेची गंगोत्री ज्या पवईच्या आयआयटीत आहे, तेथे काय चालते? १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोळंकी या पहिल्या वर्षाच्या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. कुटुंबीयांनी जातीय छळाचा आरोप केला. संस्थेच्या समितीला थेट जातीय भेदभावाचा पुरावा दिसला नाही. ठीक. पण त्यानंतर काही महिन्यांनी त्याच संस्थेने विद्यार्थ्यांना सूचना काढली की, एकमेकांना प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारू नका, कारण त्यावरून जात शोधली जाते. भेदभाव नव्हता तर ही सूचना कशासाठी? आग नव्हती तर पाण्याचे बंब कशाला बोलावले?

आता आमच्या वकिलीतली एक हकिकत सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, कंपनीचेही नाही. कल्याणच्या वालधुनी भागातला एक तरुण आमच्याकडे आला. वडील रेल्वेत खलाशी होते. मुलगा अभियंता झाला, ऐरोलीकडच्या एका कंपनीत लागला. आडनाव गावावरून पडलेले, त्यामुळे वर्षभर कोणाला काही कळले नाही. मग १४ एप्रिलला त्याने रजा घेतली. परत आला त्या दिवसापासून वातावरण बदलले. वरिष्ठाने जेवणाच्या टेबलावर विचारले, ‘तू कोणत्या कोट्यातला?’ त्याच्या प्रत्येक चुकीला पुढे एकच टोमणा येऊ लागला. वर्षअखेरीचे मूल्यांकन खाली घसरले. त्याने मनुष्यबळ विभागाकडे लेखी तक्रार केली. उत्तर दोन ओळींचे आले. कंपनीत जातीविषयी कोणतेही धोरण नाही, त्यामुळे अशा तक्रारीवर कारवाई करता येत नाही. म्हणजे आजाराचे नाव यादीत नाही, म्हणून रोगी आजारीच नाही!

त्याने विचारले, ‘साहेब, कोर्टात जाता येईल का?’ आम्ही कायदा काढून बसलो. तो वाचकांनीही समजून घ्यावा. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तो अनुच्छेद खासगी व्यक्तीलाही लागू आहे. पण नोकरीतल्या समान संधीचा अनुच्छेद १६ फक्त सरकारी नोकरीपुरता आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरी-व्यवसायात अडथळा आणणे हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने तशीच तरतूद आली. जातीवरून अपमान झाला तर तोही गुन्हा आहे, पण तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. ५ नोव्हेंबर २०२० च्या हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. आता विचार करा. काचेच्या खोलीत वरिष्ठ आणि कनिष्ठ दोघेच असताना जे बोलले जाते ते कोणी ऐकले? मूल्यांकनाच्या आकड्यात लपलेली जात कोणत्या पंचनाम्यात येणार? आमचा कायदा पाणवठ्यावरचा, चावडीवरचा अत्याचार ओळखतो. वातानुकूलित खोलीतला अत्याचार त्याला अजून नीट दिसत नाही.

तो तरुण शेवटी लढला नाही. नवी नोकरी मिळवताना जुन्या कंपनीत चौकशी होते, हे त्याला ठाऊक होते. त्याने राजीनामा दिला आणि नव्या ठिकाणी आडनावाचे फक्त आद्याक्षर लिहू लागला. आम्ही त्याला दोष देत नाही. घरच्या कर्जाचा हप्ता ज्याच्या मानेवर आहे त्याला हौतात्म्याचे उपदेश करणे सोपे असते.

अशा वेळी ही कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. ती काय करते? माणसांनी आजवर जे लिहून ठेवले आहे ते कोट्यवधी पाने वाचते आणि त्यावरून पुढे काय यावे याचा अंदाज बांधते. आता या देशात हजारो वर्षे लिहिण्याचा अधिकार कोणाकडे होता? ज्यांनी लिहिले त्यांचेच जग यंत्र शिकणार. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या अमेरिकन नियतकालिकाने या यंत्रांची परीक्षा घेतली. जातीविषयी अपुरी वाक्ये पूर्ण करायला दिल्यावर विद्वत्ता ब्राह्मणाच्या पदरात आणि गटार दलिताच्या पदरात, असाच कल त्यांना आढळला. एका दलित संशोधकाने अर्जाची भाषा सुधारायला दिली, तर यंत्राने त्याचे आडनावच बदलून सवर्ण आडनाव घातले! संशोधक म्हटला की आडनाव अमुकच, हा मनूचा नियम यंत्राने आपोआप शिकून घेतला. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली. ती आता यंत्राच्या पोटात पुन्हा लिहिली जाऊ नये, ही काळजी कोणी करावयाची?

हा केवळ आडनावाचा खेळ नाही. नोकरीच्या अर्जांची पहिली चाळणी आता यंत्राकडे जात आहे. ॲमेझॉनने असे यंत्र बनविले होते. दहा वर्षांचे जुने अर्ज त्याला शिकविले, त्यात पुरुषच जास्त होते, म्हणून यंत्र स्त्रियांचे अर्ज खाली ढकलू लागले. कंपनीला ते गुंडाळावे लागले, ही बातमी २०१८ ची आहे. यंत्राला कोणी स्त्रीद्वेष शिकविला नव्हता, त्याने फक्त मागची निवड पाहिली. आमच्याकडे मागची निवड कशी होती, ते थोरात-ॲटवेल यांनी दाखविले आहे. आडनाव लपविले तरी पत्ता आहे, पिनकोड आहे, शाळेचे नाव आहे, शिष्यवृत्तीचे नाव आहे. समाजकल्याणचे वसतिगृह अर्जात लिहिले की जात वेगळी लिहावी लागत नाही. पूर्वी भेदभाव करणाऱ्याला निदान तोंड होते, त्याला साक्षीदार समोर उभे करून विचारता येत होते. यंत्राची उलटतपासणी कशी घ्यायची?

आणि तंत्रज्ञान आमच्यापर्यंत पोहोचतच नाही असेही नाही. पोहोचते, पण कसे ते पाहा. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. चंदीगडमध्येही तेच झाले, तेथील कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलने केली. कामगार कुठे उभा आहे, किती वेळ बसला, हे कार्यालयात बसलेल्या साहेबाला नकाशावर दिसते. सफाई कामगार कोण आहेत हे सांगायला नको. दुसरीकडे, २०१९ च्या मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलात सांडपाण्याची टाकी साफ करायला उतरलेले तीन कामगार विषारी वायूने गुदमरून मेले. त्याच ठाण्याची आणि कल्याण-डोंबिवलीची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत झालेली होती. शहर स्मार्ट झाले, टाकीत माणूसच उतरला. २०१३ च्या कायद्याने ही पद्धत बंद आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. भरपाई वाढली, मृत्यू थांबले नाहीत.

गटार साफ करणारे यंत्र बनतच नाही काय? बनते. केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये मॅनहोलमध्ये उतरणारे बँडिकूट नावाचे यंत्र बनवून दाखविले. २३ ऑगस्ट २०२३ ला आपले यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. चंद्रावर यान उतरविणाऱ्या देशाला टाकीत यंत्र उतरविणे अशक्य नाही. मग आमच्या वाट्याला पाळत ठेवणारे घड्याळ आधी का येते आणि जीव वाचविणारे यंत्र मागे का राहते? याचे उत्तर संगणकात नाही, समाजात आहे. कोणता प्रश्न सोडविण्याच्या लायकीचा, हे ठरविणाऱ्यांच्या घरातला कोणी कधी टाकीत उतरलेला नाही. त्यांच्या दृष्टीने पिझ्झा दहा मिनिटांत येणे हा तातडीचा प्रश्न आहे. म्हणूनच आम्ही त्या सभागृहात विचारले होते की, तुमच्यात आमचे किती लोक आहेत? तो नोकऱ्यांचा हिशेब नव्हता. तो जीवन-मरणाचा हिशेब होता.

एक गंमतही नमूद करावी. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने जगभरातील सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या पट्ट्यातल्या इमारतींत भीती पसरली. काल गुणवत्तेचे पवाडे गाणारे काही जण आमच्याकडे येऊन विचारू लागले, ‘वकीलसाहेब, आम्हाला कामगार कायदा लागू होतो का हो?’ आम्ही हसलो नाही. त्यांना सल्ला दिला. कामगार कायद्याच्या घडणीत बाबासाहेबांचा हात आहे, त्याची सावली सर्वांवर पडावी असेच आम्हाला वाटते. पण गुणवत्ता माणसाला वाचवत नाही, हक्क वाचवतो, हे त्यांना आज कळले. आम्हाला ते पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. दोष फक्त दुसऱ्यांना देऊन चालणार नाही. आपल्यातले जे या क्षेत्रात मोठे झाले, त्यांतले किती जण वस्तीत परत येतात? जयंतीला पांढरे कपडे घालून चैत्यभूमीचा फोटो टाकला की कर्तव्य संपले काय? आणि चळवळीतले आम्ही कार्यकर्ते तरी काय करतो? २००६ मध्ये खैरलांजी घडले तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांनी आठवडेच्या आठवडे डोळे मिटले होते. आमच्याच पोरांनी एसएमएस, ई-मेल यांतून ती बातमी जगभर नेली. तंत्रज्ञान हाती आले तर आम्ही काय करू शकतो, ते तेव्हा दिसले. आज त्याच मोबाइलवर आम्ही सकाळी फुलांची चित्रे आणि संध्याकाळी गटबाजीची भांडणे पाठवितो. नेत्यांच्या भाषणात संगणकाचा उल्लेख येतो तो फक्त मतदान यंत्रापुरता.

म्हणून काही ठोस मागण्या आणि काही ठोस कामे. पहिली मागणी: १९९७ च्या विशाखा निकालानंतर, उशिरा का होईना, २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा आला आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती सक्तीची झाली. जातीय छळासाठी तशीच समिती, त्यात बाहेरचा सदस्य आणि अनुसूचित जाती-जमातीचे प्रतिनिधित्व असलेली, कायद्याने सक्तीची करा. दुसरी: महाराष्ट्र शासन आयटी धोरणाखाली या कंपन्यांना वाढीव चटई क्षेत्र, मुद्रांक शुल्कात आणि वीज शुल्कात सवलती देते. हा पैसा जनतेचा आहे. जी कंपनी सवलत घेईल तिने आपल्या नोकरवर्गाची सामाजिक रचना दर वर्षी जाहीर करावी. आरक्षण नंतर बोलू, आधी मोजा तरी! तिसरी: नोकरी, कर्ज, प्रवेश यांत निवड करणाऱ्या प्रत्येक यंत्राची जातीच्या अंगाने तपासणी व्हावी आणि नाकारलेल्या माणसाला कारण मागण्याचा हक्क असावा. चौथी: ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्याकडे गटार-टाकी सफाईची किती यंत्रे आहेत, किती चालू आहेत, हे जाहीर करावे. माहिती अधिकारात आम्ही अर्ज करणारच आहोत. वाचकांनी आपापल्या प्रभागातून करावा.

कामे आपली आहेत. ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत कित्येक विहारे आहेत. रविवारी वंदनेनंतर दोन तास तेथे संगणक का सुरू होऊ नये? या क्षेत्रातल्या आपल्या प्रत्येक मुलाने महिन्यातला एक रविवार द्यावा. नाव लपवून आला तरी चालेल, ज्ञान लपवू नये. बाबासाहेबांचे सर्व खंड, आपली नियतकालिके, शाहिरांची कवने, आजीच्या आठवणी मराठीत संगणकावर चढवाव्यात. यंत्र लिहिलेलेच शिकत असेल, तर आपण लिहिल्याशिवाय ते आपल्याला ओळखणार नाही. आणि ज्यांच्यावर कार्यालयात अन्याय होतो त्यांनी तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवावेत, निरोप आणि ई-मेल जपून ठेवावेत. लढायचे की नाही ते नंतर ठरवा. पुरावा आजच गोळा करा. आम्ही आणि आमचे वकील मित्र त्यासाठी फी घेणार नाही.

डोंबिवलीच्या त्या सभागृहातल्या मंडळींना शेवटी एवढेच सांगतो. शून्य आणि एक यांना जात नसते, हे आम्हाला मान्य. पण शून्य कोणाला द्यायचे आणि एक कोणाला, हे माणूस ठरवतो. पुढच्या परिसंवादालाही आम्ही येणार आहोत. तीच चिठ्ठी पुन्हा पाठवू. एकटे नाही, वालधुनीच्या, कोपरीच्या, नेतिवलीच्या पोरांना बरोबर घेऊन येऊ. मग टाळ्या कोणाच्या जास्त पडतात ते पाहू.

जय भीम!